पाणक्याने झडप का बुजवली नाही?

कुठेच नळ फुटला नव्हता, सांधे कोरडे होते, तरी दहा वर्षांच्या ऋजुताच्या घरातलं दीड लिटर पाणी रोज सकाळी वाया जात होतं. चंद्रावरच्या सोमनगर वस्तीत ही साधी गोष्ट नव्हती. तिथे खोल विवरातला बर्फ खणून, वितळवून पाणी मिळवावं लागे.

पाणी जायचं ते बंबाच्या सुरक्षा झडपेतून (दाब फार वाढला की आपोआप उघडणारं दार). बंब तापू लागला की तिच्यातून थेंब सुटत आणि चंद्रावरच्या त्या निवांत गतीने तरंगल्यासारखे सांडपाण्याच्या नळीत उतरत. बंब बंद असताना मात्र एकही थेंब नाही.

"पाणक्या, ती झडप बुजवून टाक," आईने सांगितलं.

पाणक्या म्हणजे त्यांचा यंत्रमानव. ऋजुताला चालायला त्यानेच शिकवलं होतं.

"बुजवणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"तसा नियम आहे. कारण मला दिलेलं नाही."

सलग तीन दिवस हेच चाललं. शेवटी आई वैतागली. "बिघडलाय हा. उद्या वस्तीच्या देखभाल केंद्रातले लोक येऊन घेऊन जातील."

"परत कधी आणतील?" ऋजुताने विचारलं. "आता नाही आणणार," आई म्हणाली. ऋजुता तडक शेजारच्या कुंभोजकर आजोबांकडे धावली. आजोबा जुने पदार्थवैज्ञानिक. त्यांनी तिला आधी डोळे पुसू दिले, मग सगळं नीट ऐकून घेतलं.

"पाणी तापलं की काय होतं गं?"

"वाफ?"

"त्याच्या आधी. ते थोडं फुगतं. याला म्हणतात प्रसरण (उष्णतेने आकार वाढणं). तुमच्या बंबातलं शंभर लिटर पाणी तापलं की जवळजवळ दीड लिटर जास्त जागा मागतं."

"दीड लिटर!" ऋजुता ताडकन उठली. "पण मग ते दाबून बसवायचं ना आत!"

आजोबांनी बिनसुईची सिरिंज पाण्याने भरली आणि तिच्या हातात दिली. "टोकाला बोट लाव आणि दाब." ऋजुताने सगळा जोर लावला, पण दट्ट्या हलेना. मग आजोबांनी सिरिंजमध्ये नुसती हवा भरली. आता दट्ट्या सहज आत गेला आणि सोडताच मागे आला.

"हवा दबते, पाणी दबत नाही," ती पुटपुटली.

"म्हणून बंबाजवळ प्रसरण टाकी असते. तिच्यात मधोमध रबरी पडदा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की पडदा सरकतो, हवा दबते, पाण्याला जागा मिळते. चल, तुमची टाकी पाहू."

भोपळ्याएवढी टाकी बंबामागे होती. आजोबांनी तिच्यावर टकटक केलं. खालून वरपर्यंत एकच भरीव आवाज आला. "अर्धी तरी पोकळ वाजायला हवी होती. हवा भरायच्या तोंडातली ती पिन दाब."

ऋजुताने पिन दाबली. हवा यायच्या जागी पाणी आलं.

"पडदा फाटलाय," ती ओरडली. "हवेची जागा पाण्यानेच घेतली!"

आई दारात उभी होती. "आणि मी झडप बुजवली असती तर?"

"फुगलेल्या पाण्याला वाटच उरली नसती," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "बंब फुटला असता."

आईने पाणक्याजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं रे माझं," ती म्हणाली आणि तिथूनच केंद्राला कळवलं, "कुणी येऊ नका. फक्त नवी टाकी पाठवा."

टाकी संध्याकाळी आली. सगळ्यांनी मिळून बंब बंद करून थंड होऊ दिला, येणारं पाणी अडवलं, नळ सोडून दाब उतरवला. पाणक्याने जुनी टाकी फिरवून काढली. नव्या टाकीत ऋजुताने पंपाने हवा भरली, घरातल्या पाण्याच्या दाबाइतकीच. "दर वर्षी असाच दाब तपासायचा," आजोबांनी बजावलं.

सकाळी बंब तापला. ऋजुता, आई आणि पाणक्या झडपेकडे टक लावून बसले. झडप कोरडीच राहिली.

पुढच्या आठवड्यात ऋजुता आणि पाणक्या वस्तीतली बेचाळीस घरं फिरले. तीन टाक्यांचे पडदे फाटलेले निघाले. वस्तीच्या सभेत तिने एकच मागणी केली: टाकी बंबामागे दडवू नका. पलीकडच्या विवरात नवी वस्ती उभी राहते आहे. तिच्या आराखड्यात प्रत्येक टाकी समोरच्या भिंतीवर आहे, दहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर.