मडमेच्या पायाशी

घडलेलं आहे तसंच सांगतेय. मालेगावचं, गेल्या वैशाखातलं. आणि भर दुपारचं...

"वाकलेलं माणूस शोभेले ठेवू नको, सूनबाई," सासूबाईंनी, सोजरबाईंनी, आधीच सांगितलं होतं. "आपल्या मागच्यायनं लय वाकून काढलं."

ज्योत्स्ना हसली होती. "माती हाय ते, आई. उठून तुमाले पाणी मागन का?"

"मागितलं असतं तं बरं होतं."

तिच्या नवऱ्यानं, नरेंद्रनं, जुन्या सामानाच्या दुकानातून ती जोडी आणली होती. विलायती, चिनी मातीची. खुर्चीत दुधासारखी गोरी मडम. तिच्या पायाशी गुडघ्यांवर एक काळी बाई, दोन्ही हातांवर तबक धरलेली. मडमेचं एकेक बोट नाजूक घडवलेलं. काळीला मात्र नुसते वटारलेले पांढरे डोळे, जाड लाल ओठ... आणि हसू. घडवणाऱ्यानं तिच्याकडे नीट कधी पाहिलंच नसावं.

ज्योत्स्नानं ती शोकेसमध्ये मांडली. तिथंच खाली बसून ती आठ महिन्यांच्या दीपूला रोज बेसन आणि साय चोळायची. पोर काळी म्हणून लोक बोलत. पोर रडायची, ही चोळत राहायची.

त्या दुपारी ती हात धुवायला मोरीत गेली.

दीपूचं रडणं थांबलं.

मग आवाज आला... टिंग. फरशीवर बशी टेकावी तसा.

ती धावली. शोकेसची काच बंद होती. आत मडम होती.

एकटीच.

पायाशी दोन गुडघ्यांच्या पांढऱ्या खुणा...

आणि खाली दीपू. गुडघ्यांवर. दोन्ही तळहात वर. आधाराशिवाय बसता न येणारी पोर!

तोंडावर तेच हसू.

"आई!"

सोजरबाई धावत आल्या. पोरीचे हात खाली ओढले. येईनात.

"फोड ते, पोरी! काहून पाहून राह्यली?"

ज्योत्स्नाचा हातच उचलेना. शेवटी नरेंद्रला फोन केला. त्यानं न बघताच ते पेपरात गुंडाळलं आणि दुकानात परत नेलं. तो उंबऱ्याबाहेर पडला, आणि दीपू मोठ्यानं रडली. हात खाली आले.

बेसन चोळणं तेव्हापासून बंद आहे. तरी झोपेत दीपूचे तळहात कधीकधी वर येतात...

आठवड्यानं ज्योत्स्ना दुकानात गेली. केनवड गावच्या कुण्या बाईनं ते नेलं होतं. कडेवर लेकरू होतं म्हणे.

"एकटी मडम नेली तिनं?"

"एकटी कायले? दोघी होत्या ना, ताई."

ज्योत्स्ना तीनदा केनवडला जाऊन आली. घर सापडलं नाही. फोडलं असतं तर... हे तिला अजून झोपू देत नाही.

केनवडकडचं कुणी हे वाचत असेल, तर तिचं एकच मागणं आहे. त्या लेकराला बघून या.

हात खाली आहेत ना, एवढंच.