हिरव्या शाईची सवत

देवगाव फाट्यावर सेलूची एस.टी. वेळेवर आली असती, तर मनकर्णा वाव्हळेच्या जिवाला पुढचे चार महिने घोर लागला नसता. पण ती आली नाही. जानेवारीचा वारा मात्र वेळेवर सुटला, आणि चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसलेल्या एका उंच, किडकिडीत तरुणाच्या मांडीवरचे कागद त्याने उचलून थेट तिच्या पायाशी आणून टाकले. तिने ते गोळा केले. वरचा कागद डोळ्यांजवळ नेला... लांब धरला... उलटा करून पाहिला.

"हे इंग्रजी हाय का मोडी?"

"कॉस्टिंग हाय," तो ओशाळून म्हणाला. "मालाला खर्च किती पडला ते काढायचं. पोस्टानं शिकायलोय. इथून उत्तरं लिवून कलकत्त्याला धाडायची, तिथून तपासून येतात."

"आन तपासणाऱ्याला हे वाचता येतंय?"

"तेच तर दुखणं हाय! बगा—" त्याने एक कागद पुढे केला. खाली इंग्रजीत शेरा होता: उत्तर कदाचित बरोबर असेल. वाचता आले नाही.

मनकर्णाला हसू आवरेना. मग तोही हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटून जात. एवढ्यावरच खरे तर सगळे आटोपले होते, पण ते तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

तो बन्सीधर खिल्लारे, सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. ती परभणीहून बी.कॉम. झालेली, खरेदी-विक्री संघात टायपिस्ट. दोन्ही आवारांत एकच भिंत, आणि तीन महिने दोघांनी एकमेकांना पाहिलेही नव्हते! त्यात कापसाचा हंगाम. पहाटेपासून बैलगाड्यांची रांग लागलेली, त्याला नीट लिहायला फुरसत कुठली? एस.टी. सेलूला पोचेपर्यंत मनकर्णाच्या तोंडून निघून गेले होते, "मी नकलून देऊ का?"

"देताव?" बन्सीधर उडालाच. "नियमात 'सुवाच्य' म्हणलंय. कुणाच्या हातचं, ते न्हाई म्हणलं."

मग रोज दुपारच्या सुट्टीत संघाच्या ओट्यावर, लिंबाखाली, हा कारभार सुरू झाला. तो तिच्या डब्यातली भाकरी खायचा आणि ती त्याचे कच्चे कागद लावून सुबक अक्षरात नकलून काढायची. खर्चाचे रकाने ती पट्टीने आखायची, एकेक आकडा मोत्यासारखा.

"तुमच्या डोक्यात कापूस हाय," ती मान वर न करता म्हणायची.

"बाहेर का आत?"

"दोन्हीकडं."

फेब्रुवारीत तिने नकललेली पहिली उत्तरपत्रिका परत आली. अठ्ठ्याहत्तर गुण! तपासणाऱ्याची सही होती, कुमारी आर. सेन. आणि हिरव्या शाईत शेरा: आपले अक्षर पाहून दिवसभराचा थकवा गेला.

बन्सीधरने तो तीनदा वाचला. "बाईला माझं अक्षर आवडलं."

"तुमचं?"

"माझ्याच नावावर हाय ना!"

मनकर्णा हसली खरी, पण घास काही गोड लागला नाही.

पुढच्या खेपेला हिरवी शाई आणखी मोकळी झाली: आपण फार नेटके गृहस्थ असाल, असे वाटते. झाले! दुसऱ्या दिवसापासून बन्सीधर नेटका होऊ लागला. सदऱ्याला इस्त्री आली, केसांना तेल आले, गळ्याचे बटण लागले. जिनिंगच्या फाटकातून तो असा निघायचा, जणू कलकत्ता समोरच लिंबाखाली बसले आहे. मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. महिनाभर समोर बसून भाकरी खाऊ घालणारीसाठी या माणसाने कधी बटण लावले नव्हते! रागवावे तरी कुणावर? अक्षर तिचे, रकाने तिचे, नेटकेपणाही तिचाच. स्वतःच्याच हाताचा मत्सर करणारी बाई सेलू तालुक्यात दुसरी कुणी नसेल.

त्यावर कडी केली ती बन्सीधरनेच. सहावी उत्तरपत्रिका तिच्या हातात देत तो सहज म्हणाला, "खाली दोन ओळी लिवा ना... 'आपल्या शब्दांनी फार बळ येते' असं कायतरी. तुमाला चांगलं जमतंय."

मनकर्णाने कागद घेतले. घरी आणले. आणि तिच्यात कोण शिरले कोण जाणे, तिने ती उत्तरपत्रिका तिरक्या, फरपटत्या अक्षरात खरडली. पट्टी घेतली नाही. आकडेमोडीचा एक अख्खा कागद गाळला. बळाच्या ओळी तर लिहिल्याच नाहीत. पाकिटात घालून चिकटवून दुसऱ्या दिवशी बन्सीधरला दिले. त्याने न उघडता पोस्टात टाकले. तिच्या हातचा कागद कधी तपासून पाहावा लागतो, हे त्याला ठाऊकच नव्हते.

बारा एप्रिलला ते परत आले. एकतीस गुण. नापास. आणि खाली अर्धे पान हिरवी शाई! आपली प्रकृती ठीक नाही का? स्वतःला जपा. पुन्हा लिहून पाठवा, मी लगेच पाहीन.

एवढे सगळे करून सवतीची माया वाढलीच! पण मनकर्णाला जळायलाही सवड मिळाली नाही, कारण बन्सीधरचा चेहरा पार उतरला होता. सहाही उत्तरपत्रिका तीस एप्रिलच्या आत पास झाल्या तरच जूनच्या परीक्षेला बसता येणार होते. मे महिन्यात हंगाम संपला की जिनिंगची नोकरी संपत होती, आणि परीक्षेला बसलेल्यालाच परभणीच्या एका गिरणीत जागा मिळणार होती. गुण पाहिल्यावर त्याने शेराही वाचला नाही, अक्षरही पाहिले नाही. तो आपला कच्चा कागद पुन्हा पुन्हा पाहत होता.

"मला तर बरोबर वाटलं होतं," तो हळूच म्हणाला. "जाऊ द्या. आपल्याच्यानं होत न्हाई हे. उगं तुमालाबी तरास दिला."

मनकर्णाला हे ऐकवले नाही. तो चिडला असता, तिच्यावर ओरडला असता, तर ती गप्प राहिली असती.

"उत्तर बरोबर होतं," ती म्हणाली. "मी नासवलं."

"काय?"

"मुद्दाम. अक्षरबी... आन कागदबी गाळला. ती बाई तुमाला लिवायली, तुमी बटनं लावायलाव... मला बगवलं न्हाई."

बन्सीधरने हातातला कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिले. डोळे मिटले नाहीत.

"तीन वर्सं झाली, मनकर्णा," तो म्हणाला. "तीन वर्सं मी या परीक्षेच्या मागं हाय."

कागद उचलून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जवळजवळ तीन आठवडे ती ओट्यावर एकटीच बसली, आणि डबा तसाच घरी नेऊ लागली. आई सुलाबाईने विचारले, तेव्हा ऊन लागले म्हणाली.

मेच्या दोन तारखेला तो आला. केस विस्कटलेले, गळ्याचे बटण उघडे.

"पास," तो म्हणाला. "छपन्न. माझ्या हातानं लिवलं, आन बाईला खरं ते कळवलं. अक्षर माझं न्हाई, मनकर्णा वाव्हळेचं होतं म्हणून."

"मग?"

"म्हणली, डोळे दुखले, पण उत्तर बरोबर हाय. परीक्षेची परवानगी आली."

"आन... तब्येतीचं विचारलं?"

"न्हाई."

"बरं झालं," मनकर्णा म्हणाली आणि जीभ चावली. बन्सीधरला हसू फुटले. इतक्या दिवसांनी ते मिटलेले डोळे पाहून तिला रडूच आले.

"रडू नको. मी लय चिडलो होतो. अजून थोडा हाय," तो बाजूला बसत म्हणाला. "पण बाकीचे कागद काढून पाहिले. पाचव्यात माझी चूक होती. तू गुपचूप सुधारलीस, मला बोललीबी न्हाईस."

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"हे घे." त्याने कोरा फॉर्म पुढे केला. "प्रवेश अर्ज. मागवून घेतलाय, तुझ्यासाठी. माझ्यापेक्षा तुलाच जास्त येतंय."

तिने डोळे पुसले आणि पेन उघडले. नाव लिहिले. वडिलांचे नाव लिहिले, भुजंग. पुढच्या चौकोनावर बन्सीधरने एकदम बोट ठेवले.

"आडनाव तेवढं कोरं ठेव."

"कामून?"

"तुझी परीक्षा डिसेंबरात. तवर... म्हणजे तुझी इच्छा असली तर... बदलायचं झालं तर..." त्याचे कान लालबुंद झाले.

मनकर्णाने त्याचे बोट हळूच बाजूला केले आणि ठसठशीत लिहिले: वाव्हळे. बन्सीधर खाली पाहू लागला.

"पदवीच्या सर्टिफिकेटवर हेच हाय," ती म्हणाली. "दुसरं लिवलं तर अर्ज परत येईल." मग तिने फॉर्म उलटा करून मागचा बारीक मजकूर त्याच्यापुढे धरला. "हे वाचा. नियम चौदा. लग्नानंतर आडनाव बदलायला वेगळा अर्ज, फी पाच रुपये."

त्याने वाचले. पुन्हा वाचले. मग तिच्याकडे पाहिले.

"ती फी तुमी भरायची," मनकर्णा म्हणाली.