सहाशे चाळीस ग्रॅमची टाकी

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दारावरची बेल वाजली आणि दाजींचा चहा बशीत सांडला. बेल वाजवणाऱ्याचं बोट काही तिच्यावरून निघत नव्हतं.

"चार वाजता चौकशी आहे," आत येता येता ती मुलगी म्हणाली. "चारनंतर माझ्या बाबांचं काही खरं नाही."

ओळंबा खुर्चीतून उठला. गवंड्याच्या दोरीसारखा सरळ उभा राहायचा आणि तितकंच सरळ बोलायचा, म्हणून खाजगी तपासाच्या धंद्यात त्याला हे नाव पडलं होतं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते घरात पायात पायात येत, म्हणून बहिणीने त्यांना मदतीसाठी भावाकडे धाडलं होतं. मदत नक्की कोणाला, ते तिने सांगितलं नव्हतं.

मुलीने भराभर हकीकत सांगितली. तिचे वडील पट्ट्यांवर चालणारी अजस्र क्रॉलर क्रेन चालवत. सोमवारी कारखान्याच्या बांधकामावर ते एक लोखंडी टाकी उचलत होते. टाकी लांब नेताना क्रेन बूमसकट, म्हणजे तिच्या लांब हातासकट, कोसळली. एक वेल्डर खाली सापडला, तो दवाखान्यात अजून बेशुद्ध होता. वडीलही तिथेच होते, त्यांच्या डोक्याला मार बसला होता आणि आधीचे दोन दिवस त्यांच्या आठवणीतून पार पुसले गेले होते.

"साइटचे इंजिनिअर कालपासून म्हणतात, टाकी एकशेदहा टनांची आहे हे त्यांनी बाबांना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. एवढं वजन जवळच ठेवायचं सोडून बाबांनी ते वीस मीटर लांब नेलं, म्हणे. ती चिठ्ठी आता सापडत नाही."

"केबिनमध्ये वजन दाखवणारा स्क्रीन असतो ना?"

"नऊ दिवस बंद होता. म्हणून बाबा चिठ्ठीवर विसंबून होते."

"ते स्वतः काय म्हणतात?"

"माझ्याच हातून झालं असेल गं, असं म्हणतात. वेल्डरच्या बायकोची माफी मागायची आहे त्यांना." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "लायसन्स गेलं तर जाऊ दे. पण हे त्यांनी मनाशी धरलं, तर त्यातून ते उठायचे नाहीत."

ओळंब्याने चपला पायात सरकवल्या.

मुलीच्या घरी मागच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल होतं. कानस, डाग द्यायची बंदूक, भिंग, स्वयंपाकघरातून पळवलेला वजनकाटा आणि मधोमध एका फळीवर ती क्रेन. मूळ क्रेनच्या पन्नासाव्या हिश्शाची. पट्ट्याची प्रत्येक कडी वेगळी, पितळी बूममधली प्रत्येक आडवी पट्टी डाग देऊन जोडलेली.

"हे बाबांचं वेड," मुलगी म्हणाली. "मोठं काम असलं की आदल्या दिवशी इथे करून बघायचे. क्रेन तशीच मांडायची, उचलायची वस्तूही बनवायची. आई होती तेव्हा म्हणायची, सवत लोखंडाची आहे, नशीब."

दाजींनी कौतुकाने मॉडेल एका हाताने उचलायला घेतलं आणि लगेच दुसरा हात लावला. "अरे, हे खेळणं आहे की जातं?"

फळीवर पेन्सिलीची रेघ होती. ओळंब्याने क्रेनच्या मध्यापासून ती मोजली. चाळीस सेंटिमीटर. मग क्रेनच्या मागच्या, तोल राखणाऱ्या काउंटरवेटची एक लादी काढून त्याने काट्यावर ठेवली. ऐंशी ग्रॅम.

"खरी लादी केवढी असते?"

"दहा टनांची."

लादीवर ब्रशने घातलेला आकडा होता, जरा थरथरलेला. हुकाला लटकणाऱ्या पत्र्याच्या टाकीवर मात्र ठसठशीत 'एकशेदहा टन' होतं. दाजी म्हणाले, अगदी छापल्यासारखं दिसतं. ओळंब्याने आकड्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि टाकी काट्यावर ठेवली. सहाशे चाळीस ग्रॅम.

"हा आकडा मी बुधवारी संध्याकाळी पाहिला आणि काल इंजिनिअरांचं ऐकलं तेव्हा माझा धीरच सुटला," मुलगी म्हणाली. "म्हणजे बाबांना माहीत होतं."

"सोमवारनंतर या खोलीत कोण कोण आलं?"

"मामा मंगळवारी येऊन गेले. ते क्रेनला खालून हाताने इशारे करायला असतात. क्रेनचा मेकॅनिक बुधवारी सकाळी. इंजिनिअर दोनदा, मंगळवारी आणि बुधवारी दुपारी. बिचारे बाबांचं काम बघत इथेच बसले. बुधवारी पेलाभर पाणी मागितलं, मी चहा घेऊन आले तोवर प्यायलेही नव्हते."

"मॉडेल बरोबर घेऊ," ओळंबा म्हणाला. "आणि साखरेची पुडी. दोनशे चाळीस ग्रॅम, मोजून."

"चहाला?" दाजींनी विचारलं. ओळंबा क्रेन उचलून दाराकडे निघालाही होता.

मामा दवाखान्याच्या बाकावर बसले होते. 

"वीस मीटरवर खूण इंजिनिअर साहेबांनी मारली होती. मी तिथवर हात दाखवला, भाऊजींनी आणली. वजन मला कोण सांगतंय?" त्यांनी मान खाली घातली. "मीच थांबवायला हवं होतं का हो? रोज हेच डोक्यात येतं."

बाहेर पडल्यावर दाजी कुजबुजले, "याचंच काम. नजर देत नाही."

"दाजी, ज्याला झोप नाही तो नजर कुठून देणार?"

मेकॅनिक कोसळलेल्या बूमपाशी भेटला. मोडलेल्या लोखंडाचा तो पसारा पाहून दाजी दोन पावलं मागे सरले. मेकॅनिक आधीच चिडलेला होता.

"स्क्रीनचा पार्ट आला नाही, त्याला मी काय करू? टाकीचं वजन तर काल चौकशीवाल्यांनी ती काट्यावर चढवली तेव्हा कळलं, एकशेदहा टन. पडून फुटली तर आतून विटांचं अस्तर निघालं. एरवी टाकी जागेवर बसली की मग अस्तर लावतात."

इंजिनिअरच्या कचेरीत काचेच्या कपाटात एक क्रेन झळकत होती.

"मीच बनवली," इंजिनिअर म्हणाला. तीन दिवस दाढी केलेली नव्हती, पण क्रेनचा विषय निघताच चेहरा जरा उजळला. "उचलून बघा."

दाजींनी सकाळच्या अनुभवाने दोन्ही हात लावले आणि मॉडेल जवळजवळ छताला लागलं. आत नुसतं प्लास्टिक.

"अक्षरं सुरेख आहेत," ओळंबा म्हणाला.

"पाण्यात भिजवून चिकटवायची असतात. ब्रशने अशी रेघ येत नाही."

चार वाजता सगळे त्याच कचेरीत जमले. चौकशी अधिकारी बाईंनी घड्याळाकडे पाहून ओळंब्याला दहा मिनिटं दिली. मुलगी दाराशी उभी होती, बसायला तयार नव्हती.

"ऑपरेटर दिसण्यासाठी मॉडेल बनवत नव्हते," ओळंबा म्हणाला. "ते वजनासाठी बनवत. दहा टनांची लादी यात ऐंशी ग्रॅमची आहे. म्हणजे आठ ग्रॅमला एक टन. आता ही टाकी."

त्याने काटा बाईंच्या समोर ठेवला. सहाशे चाळीस.

"ऐंशी टन," बाई हळूच म्हणाल्या.

"आकडा मात्र एकशेदहाचा. सगळं मॉडेल बरोबर तोलायचं आणि नेमकी टाकीच चुकवायची, असं ते का करतील? आता बघा." त्याने टाकी हुकाला लावली आणि बूम पेन्सिलीच्या रेघेपर्यंत झुकवला. क्रेन जागची हलली नाही. "चाळीस सेंटिमीटर, म्हणजे वीस मीटर. ऐंशी टनांना हे अंतर चालतं, याची त्यांनी खात्री करून घेतली होती. दाजी, पुडी."

दाजींनी साखरेची पुडी टाकीला बांधली. पट्ट्याची मागची कडी फळीवरून उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली आणि क्रेन तोंडावर पडली. दाराशी मुलीने डोळे मिटून घेतले.

"एकशेदहा सांगितलं असतं, तर हे त्यांना आदल्या दिवशीच दिसलं असतं. त्यांना ऐंशी सांगितलं गेलं होतं. आकडा नंतर चिकटवला, पाण्यात भिजवून. नखाला त्याची कड लागते. बाकी सगळे आकडे ब्रशने घातलेले आहेत."

"पण कोणी?" दाजींना राहवलं नाही.

"टाकी काट्यावर चढली काल, गुरुवारी. आकडा मुलीने पाहिला बुधवारी. काट्याच्या आधी एकशेदहा ठाऊक असलेला माणूस एकच. तो मंगळवारी मॉडेलची टाकी पाहून गेला आणि बुधवारी आकडा घेऊन आला; त्याने पाणी मागितलं ते पिण्यासाठी नव्हे, आकडा भिजवायला. त्याचं चुकलं एवढंच, की त्याची स्वतःची क्रेन काचेत ठेवायची होती. मॉडेलला वजन असतं, हे त्याच्या मनातही आलं नाही."

इंजिनिअरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वेळ वाचावा म्हणून अस्तर आधीच लावून घेतलं," तो हातांआडूनच बोलला. "चिठ्ठी अस्तराआधीच्या, जुन्या आकड्याची गेली. खरंच विसरलो. पडलेली क्रेन बघितली तेव्हा आठवलं. चिठ्ठी मी फाडली."  बाईंनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं.

साडेपाचला ते दवाखान्यात पोचले. मुलीने काही सांगायच्या आतच ओळंब्याने ती छोटी टाकी वडिलांच्या तळहातावर ठेवली. आकड्यावर त्याने अंगठा धरला होता.

म्हाताऱ्याने डोळे मिटले, हात दोनदा वरखाली केला.

"ऐंशी," तो म्हणाला. "ऐंशीची आहे ही. मी बनवलीय."

"हो बाबा. तुम्हाला ऐंशीच सांगितली होती."

तो टाकी छातीशी धरून रडला, बराच वेळ. दाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हाताऱ्याने नाक पुसलं.

"आणि खरी केवढी होती?"

"एकशेदहा."

त्याची बोटं टाकीवरून फिरली. मनातल्या मनात काहीतरी मोजत होता.

"वीस मीटरवर नसती पेलली," तो म्हणाला. "त्या वेल्डरची बायको कुठल्या खोलीत बसते? मला तिच्याकडे घेऊन चल."

"आता माफी कशाची, बाबा?"

"माफी नाही गं. तिच्या शेजारी कोणी बसलंय का, ते बघू."