काचेच्या नळीतला बुडबुडा

सुट्टीच्या दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कोण जातं? विरुपाक्ष जायचा. बायको पार्वतम्मा दम्यानं गेल्यापासून घर खायला उठायचं. त्यापेक्षा चादरींच्या छपाईखात्यातला, रंगात मिसळलेल्या रॉकेलचा वास बरा. तिला शेवटचा झटका आला तेव्हा हा इथंच होता, कामगारांच्या नाकात जाणारी हवा मोजत. ते काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हतं.

नवे पंप आले होते, कामगाराच्या कमरेला अडकवायचे. पंप हवा ओढणार, कॉलरवरच्या कोळशाच्या नळीत रॉकेलच्या वाफा अडकणार. पण आधी पंप खरंच किती ओढतो ते तपासायचं. काचेची नळी उभी करायची, खालच्या तोंडाला साबणाचं पाणी लावायचं, वरच्या तोंडाची रबरी नळी पंपाला जोडायची. पंप ओढतो तसा बुडबुडा वर चढतो. लहान पोराचा खेळच म्हणा ना.

त्या दुपारी माग बंद, वीजही नाही. विरुपाक्षानं पंप काढून ठेवला, रबरी नळीचं पंपाकडचं टोक टेबलावर मोकळं सोडलं. राखणदार चांदसाब चहा घेऊन आला तो दारातच थबकला.

"सायेब, पंप तर हितं पडलाय की. मग ते कशानं हलतंय?"

बुडबुडा वर चढत होता, थांबत होता, खाली येत होता.

वारा असेल म्हणून विरुपाक्षानं खिडक्या लावल्या. फरक नाही. दोन आखूड चढ, मग एक लांब, अडखळत. हा दम त्यानं पार्वतम्माच्या उशाशी बसून वर्षानुवर्षं ऐकला होता. त्यानं चांदसाबला हळूच जायला सांगितलं. तो पुटपुटत, मागं न बघता गेला.

मग विरुपाक्ष तिच्याशी बोलत बसला, घरातल्या कन्नडमध्ये, इतके दिवस कुणाला न सांगितलेलं. रडलाही. बुडबुडा फुटला की नवा लावायचा. आता रोज यायचं, त्यानं ठरवलं. किती हलकं वाटलं त्याला!

पण हाताला पडलेली सवय. बुडबुडा जरा अडकला, आणि गळती तपासताना दाबतात तसा त्यानं रबरी नळीच्या मोकळ्या तोंडावर अंगठा दाबला.

अंगठ्याला ओढ लागली. मग पुन्हा, जिवाच्या आकांतानं.

त्यानं हात झटकला. नळी सुटेना.

मग आपोआप सुटली.

बुडबुडा मध्येच उभा होता.

"पारू, घे श्वास," तो म्हणाला. "घे ना."

बुडबुडा फुटला. त्यानं नवा लावला. तो हललाच नाही.

अंगठ्यावर कोमट ओल होती, आणि दातांच्या बारीक खुणा.