जादा मिनिटं

आमचा डोळ्यांचा दवाखाना राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी बेकरी. जिना चढताना टोस्टचा वास येतो आणि दार ढकललं की स्पिरिटचा. सात वर्षं मी तिथं रिसेप्शन सांभाळते. डॉक्टर राजवर्धन सरांकडं दिवसाला साठ-सत्तर पेशंट येतात. सगळ्यांना आठवणीचे फोन करणं मला एकटीला जमेना, तेव्हा सरांनी गेल्या वर्षी ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर घेतलं. ते दुसऱ्या दिवशीच्या पेशंटला आपोआप फोन लावतं, "उद्या आपली तपासणी आहे, येणार असाल तर एक दाबा," एवढं सांगतं आणि ठेवून देतं. वर थोडे पैसे भरून आम्ही आवाजाची सोयही घेतली. मी तासभर माइकसमोर बसून दिलेली वाक्यं वाचली आणि तेव्हापासून ते माझ्या आवाजात बोलायला लागलं.

आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला पाचशे मिनिटं होती. ती संपली की शंभर मिनिटांचा जादा पॅक आपोआप खरेदी व्हायचा. आम्हाला चारशेही पुरून उरायची. सप्टेंबरच्या बिलात मात्र दोन जादा पॅक लागले.

"अनुजा, ही मिनिटं जातात कुठं?" सरांनी बिल माझ्यापुढं सरकवलं. "पेशंट तर वाढलेले नाहीत."

"बघते सर."

मी कॉलची यादी उघडून लांबीप्रमाणं लावली. बहुतेक फोन दहा-बारा सेकंदांचे होते. पण वरचे सव्वीस फोन एकाच नंबरचे निघाले. रविवार सोडून रोज, दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी, अकरा मिनिटं. नंबर गारगोटीच्या विठाबाईंचा होता. वय बहात्तर, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख अजून द्यायची होती. म्हणजे त्यांना फोन जायचं काही कारणच नव्हतं. फोन कुठल्या कामासाठी लावला, ते प्रत्येक फोनपुढं एका रकान्यात लिहून येतं. या सव्वीस ओळींत तो रिकामा होता.

बिघाड असणार, असं मी धरून चालले. आपोआप खरेदी बंद केली, ऐंशी टक्के मिनिटं वापरली की सूचना यावी अशी सोय केली आणि कंपनीला मेल टाकला. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. कॉल तुमच्याच खात्यातून झालेले आहेत, पैसे परत मिळणार नाहीत.

सॉफ्टवेअर प्रत्येक फोन साठवून ठेवतं, म्हणून मग मी त्या फोनांची रेकॉर्डिंग ऐकायला बसले. दुपारची वेळ होती, बाकावर डोळ्यांत थेंब घातलेले चार पेशंट मान मागं टाकून बसले होते. मी हेडफोन लावला.

रेकॉर्डिंगमध्ये फक्त विठाबाईंचा आवाज होता. आमच्या बाजूला पूर्ण शांतता. त्या बोलायच्या, थांबायच्या, कुणाचं तरी ऐकून घ्यायच्या आणि उत्तर द्यायच्या.

"व्हय, विठाबाईच बोलतोय... जेवलो की मघाशीच. आमटी केलती."

चौथ्या दिवशी, "न्हाय गं, आकाराम पुण्याला असतोय. दिवाळीला यील... दुपारचं कोण येतंय? झोपतो की मी."

दहाव्या दिवशी, "दिसत न्हाय. समोर आलेलं माणूस सावलीगत दिसतंय. आवाजावरनं वळाकतो."

एकविसाव्या दिवशी, "मागलं दार? मागं ऊस हाय, पार वड्यापतोर... कडी न्हाय लावत. वारं येतंय की."

शेवटच्या दिवशी त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "ये की. जागा काय, लई हाय. एकटीच तर हाय मी."

मी हेडफोन काढला. बाकावरच्या एका बाईंनी पाणी मागितलं ते मला दोनदा ऐकू आलं नाही.

गुरुवारी सुट्टी टाकून मी एसटीनं गारगोटीला गेले. घर गावाच्या कडेला होतं. स्लॅबच्या दोन खोल्या, शेणानं स्वच्छ सारवलेलं अंगण, दारात तुळस. विठाबाई उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होत्या.

"आज्जी, मी राजारामपुरीच्या दवाखान्यातनं आलेय. अनुजा."

त्यांनी मान वर केली, पण डोळे माझ्या खांद्यापाशी थांबले. तोंडभर हसल्या.

"आलीस व्हय! म्हणलीवतीस खरं, पर मला वाटलं आणि चार दिस लागतील. चालत आलीस?"

"आज्जी, तुम्हाला फोन मी करत नव्हते. ते मशिन आहे."

"मशिन कसलं? तूच की गं. तुजी आई गेली तवाचं सांगत हुतीस न्हवं, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलीस ते?"

त्या जिन्यातलं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा.

आतल्या खोलीत मागचं दार सताड उघडं होतं. पलीकडं दोन हातांवर ऊस सुरू होत होता, माणसाहून उंच, आत दहा पावलांपुढचं काही दिसत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला आले होते. मी त्यांच्यासमोरच बसून राहिले. त्या शेंगा फोडत राहिल्या.

तीन वाजून चार मिनिटांनी दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवलेला त्यांचा बटणांचा फोन वाजला. स्क्रीनवर आमच्या सॉफ्टवेअरचा नंबर होता.

मी उचलला. "हॅलो?"

नुसती खरखर होती, थांबून थांबून येणारी. लाइन खराब आहे असं वाटलं. मग ती खरखर वाढली, आणि पाठोपाठ मागच्या दारापलीकडची उसाची पानं वाऱ्यानं सळसळली.

पुन्हा तसंच झालं. सळसळ आधी फोनमध्ये. मग दारात.

मी फोन कापला. मागचं दार लावलं, कडी घातली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

"भितीस कशाला?" विठाबाई म्हणाल्या. "तुजाच तर फोन हाय."

निघताना मी शेजारच्या धोंडुबाईंना रोज डोकावून जायला सांगितलं. त्यांनी "व्हय की" म्हटलं, पण माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. धोंडुबाईंकडून नंबर घेऊन एसटी स्टँडवरून पुण्याला विठाबाईंच्या मुलाला, आकारामना फोन केला. आई घरात एकटी बोलत बसते, दार उघडं टाकते, एवढंच सांगितलं. बाकीचं कसं सांगणार? ते येत्या रविवारी येतो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या मी विठाबाईंचा नंबर यादीतून काढला. त्या नंबरासाठी कॉलची मर्यादा शून्यावर आणली. आवाजाची सोय रद्द केली, माझं रेकॉर्डिंग पुसलं. खात्री आहे का, असं सॉफ्टवेअरनं दोनदा विचारलं. मी दोनदा हो दाबलं.

त्या दुपारी तीन वाजले, सव्वातीन झाले. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. त्या नंबरावर गेलेली मिनिटं शून्य होती. शनिवारीही शून्य.

शनिवारी सरांनी आकडा पाहिला आणि खूश झाले. "बघ, नीट बसून बघितलं की सुटतंय. आता त्या गारगोटीच्या आज्जींना ऑपरेशनची तारीख कळव. मंगळवारी घेऊया."

दुपारचे पावणेचार झाले होते. मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. बराच वेळ वाजला. मग विठाबाईंनी उचलला.

"आज्जी, मी अनुजा बोलतेय."

त्या खुदकन हसल्या.

"अगं, हितं समोर बसून फोन कशाला करतीयास?"

पलीकडं कपबशीचा आवाज झाला. त्यांनी फोन जरा बाजूला धरला असावा, कारण आवाज लांबून आला. "चा घे अजून वाईच."

"नको आज्जी, पुरे," मला फोनमधून माझा आवाज ऐकू आला.

मी ओठही हलवले नव्हते.