छायापुरीचं शेवटचं प्रकरण

भाद्रपद नुकताच लागला होता. शाईची पूड संपली म्हणून मी निपाणीच्या बाजारात गेलो होतो. येताना पोस्टात डोकावलो, तर माझ्या नावाचं पत्र आलेलं. बेळगावच्या मासिकाचे संपादक मारुतीराव यांचं. थोडक्या ओळी होत्या. त्यांच्या मासिकात हप्त्यांनी चाललेल्या माझ्या ‘छायापुरी’चं शेवटचं प्रकरण दसऱ्याच्या आत हातात पडलं, तर ते दिवाळी अंकात छापू आणि सगळी कादंबरी पुस्तक म्हणून काढू. नाही पडलं, तर त्या जागेवर दुसऱ्या लेखकाची गोष्ट तयार आहे. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, “शेवट गोड करा. सणाचा अंक आहे.”

मी ते पत्र पोस्टाच्या पायरीवर उभा राहून तीनदा वाचलं. वडील वारले तेव्हा मी मराठी चौथीत होतो. शाळा तिथंच सुटली. आणि आता माझं पुस्तक निघणार होतं. घरी जाईपर्यंत पाऊस लागला, पत्र भिजू नये म्हणून मी ते टोपीत घातलं, आणि भिजत चाललो तरी मला फार बरं वाटत होतं.

तेव्हा मी तंबाखूच्या एका वखारीत पोत्यांवर गावांची नावं रंगवायचो. पत्र्याचा साचा पोत्यावर धरायचा, काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, पोतं पुढं सरकवायचं. रतलाम, बऱ्हाणपूर, कानपूर. पोती निघून जायची आणि मी तिथंच राहायचो. कोल्हापूरच्या पलीकडं मी काही पाहिलेलं नव्हतं. म्हणून ती गावं मी मनातल्या मनात बांधू लागलो. त्यातल्या एका गावात वेशीवरच माणसांच्या सावल्या काढून घेतात आणि खुंटीला टांगतात, असं एक दिवस मनात आलं, आणि छायापुरी सुरू झाली. सावल्या सांभाळायला तिथं मेघावली नावाची मुलगी. आत येणारा प्रत्येक जण तिच्या हातात सावली देऊन पुढं जातो. तिला मात्र वेस ओलांडायची बंदी. सगळे हप्ते वाचून लोक विचारत होते, ती सुटते की नाही?

मलाही ते ठाऊक नव्हतं. माझी लिहिण्याची रीतच तशी होती.

आम्ही जैन. त्या वर्षी आईनं नेम घेतला होता की चातुर्मासात सूर्य बुडाल्यावर घरात ज्योत लावायची नाही. पावसाळ्यात दिव्यावर किडे येऊन जळतात, ते पाप नको. दिवसभर मी वखारीत, आणि संध्याकाळी घरी आलो की अंधार. मग लिहायचं कधी? यावर मी एक तोड काढली. जेवण उरकलं की आई आतल्या खोलीत अंथरुणावर पडायची. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचो आणि पुढची गोष्ट मोठ्यानं सांगायचो. सकाळी उजाडलं की तीच वखारीतल्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवून काढायचो.

आमच्याकडं गोष्ट हुंकारावर चालते. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं “हुं” म्हणायचं. हुंकार आला नाही की थांबायचं. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते, पण अंधारात कुणी “हुं” म्हणत असलं की मला अडखळायला होत नसे. त्या हुंकारावरून मला वाक्याची किंमतही कळू लागली होती. वाक्य सैल झालं की हुंकार उशिरा यायचा. चांगलं जमलं की वाक्य संपता संपताच यायचा. आईला गोष्टीची इतकी जाण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना मी तिला विचारलं, “आई, मेघावलीनं किल्ली नदीत टाकली, ते बरं केलं का गं?”

“कुठली किल्ली?”

“काल सांगितली ती. वेशीची.”

“आरं धरणू,” आई चुलीपुढून म्हणाली, “वैद्याचं औषध चालू झाल्यापासनं पडल्या पडल्या डोळा लागतोय माझा. महिना झाला. तुझी गोष्ट कुठवर आलीया, मला काय म्हाईत?”

“मग हुं कोण म्हणतंय?”

“तूच म्हणत असशील की. सांगणारा बी तूच, ऐकणारा बी तूच. येडा कुठला!” ती हसली आणि तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

मी ती कशीबशी संपवली.

वखारीत मष्णू हमाल माझ्या बाजूला पोती रचायचा. त्याच्याशी मी थोडंफार बोलू शकत होतो, कारण तो उत्तराची वाटच पाहत नसे.

“काय रं धरण्या, रंग पोत्यावर लाव की. पायावर काय लावतोयस? बायकू बघितली का काय घरच्यांनी?”

मी त्याला हुंकाराचं सांगितलं. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला.

“त्वांड बघितलंस का?”

“अंधार असतो.”

“मग चुकलंस. हुंकार देणाऱ्याचं त्वांड बघितल्याबिगर गोष्ट सांगायची न्हाय. आमच्यात लई पाळत्यात.”

“आणि सांगितली तर?”

मष्णूनं खांद्यावरचं पोतं खाली टेकलं. “तर अर्ध्यावर सोडायची न्हाय. त्येला पटंल अशी संपवायची.” मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. “आरं, तुझी आईच आसंल. म्हाताऱ्या माणसास्नी काय ध्येनात ऱ्हातंय?”

मी सांगणं बंद करून पाहिलं. दोन दिवस सकाळी उजाडताच थेट कागदावर लिहिलं. पोत्यावर साचा ठेवून नावं रंगवावीत तशी वाक्यं उतरली, सगळी एका मापाची. ती मी फाडली. पंचमीला आई पर्युषण पर्वाचे दहा दिवस स्तवनिधीच्या देवस्थानात राहायला गेली. दसरा महिन्यावर आला होता. मेघावली वेशीवर उभी होती, आणि मी नुसताच बसून होतो.

आई गेली त्या संध्याकाळी मी उजेड असतानाच आतल्या खोलीत जाऊन आलो. गुंडाळलेलं अंथरूण, तांब्याचा हंडा, दांडीवर आईचं जुनेर. बाकी काही नाही. बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, ओढून पाहिली. मग भिंतीला टेकून बसलो. दिवा लावला असता तर आईला कळलं नसतं. पण नेम तिचा असला तरी तो या घरासाठी होता. मी काडेपेटी हातात घेतली आणि परत कोनाड्यात ठेवून दिली.

अंधार हळूहळू भरत आला. आधी कोपरे गेले, मग कोनाडा गेला, मग माझे स्वतःचे हात. पत्र्यावरून पागोळी पडत होती. माझ्या अंगाला तंबाखूचा वास कायमच असतो, तो मला येतही नाही. त्या दिवशी मात्र दुसराच एक वास आला. पेटीत वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेल्या, कधी उन्हात न घातलेल्या कापडाचा.

“मेघावली… वेशीपाशी आली,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

“हुं.”

आतल्या खोलीतून. हलका, ओळखीचा.

मी पाय जवळ ओढून घेतले. तरी खरं सांगतो, त्या भीतीच्या खाली कुठंतरी मला आनंदही झाला. दोन दिवस मेलेली गोष्ट पुन्हा श्वास घेत होती. मी सांगत गेलो. राजपुत्र आला, पहारेकरी झोपले, मेघावलीनं खुंट्यांवरच्या सगळ्या सावल्या मोकळ्या केल्या. वाक्यावाक्याला हुंकार येत होता, झपझप. शेवटी मी म्हटलं, “आणि मेघावली वेस ओलांडून बाहेर आली.”

काहीच नाही.

मी पुन्हा म्हटलं. पागोळी वाजत होती, तेवढंच.

“मेघावली बाहेर आली नाही. ती तिथंच राहिली.”

त्यालाही हुंकार नाही. त्यानंतरचे चार दिवस असेच गेले. मी राजपुत्राला मारून पाहिलं, वेस पाडून पाहिली, मेघावलीचं पाखरू करून उडवलं. वेशीपर्यंत हुंकार यायचा, आणि वेशीपाशी बंद व्हायचा. गोड शेवट नको, कडूही नको. मग काय हवं होतं?

पाचव्या दिवशी मी वेशीपाशी येऊन स्वतःच थांबलो. मला काही सुचतच नव्हतं. बराच वेळ गेला. मग आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून, आजवर कधी आला नव्हता असा एक शब्द आला.

“मग…?”

तो आवाज तरुण नव्हता, म्हाताराही नव्हता. ज्यानं फार दिवसांत तोंड उघडलेलं नाही, तशा माणसाचा होता.

मला उठून पळता आलं असतं. कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. पण पळालो असतो तर प्रकरण तिथंच राहिलं असतं, आणि मी आयुष्यभर कानपूर-रतलाम रंगवत बसलो असतो. शिवाय त्या आवाजात काय होतं ते मला समजत होतं. चार माणसांत उभं राहून बोलता न येणाऱ्याला ते लगेच समजतं. त्याला मेघावलीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला स्वतःला ती वेस ओलांडायची होती.

“मेघावली वेशीतच थांबली,” मी म्हटलं. शब्द आपोआप येत होते. “तिनं दार उघडं धरलं. आणि तिच्या ऐवजी… तिच्या मागं इतके दिवस उभं असलेलं… कुणीतरी एक… बाहेर पडलं.”

“हुं.”

हा हुंकार माझ्या कानाशी आला. गालाला गार वारा लागला, कापडाचा तो वास नाकावरून गेला. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा पाऊस थांबला होता आणि घर नुसतं घर वाटत होतं. पहाटे पाहिलं, तर दाराची कडी निघालेली होती.

मी घाबरायला हवं होतं. त्याऐवजी मी उंबऱ्यात बसलो आणि एका बैठकीत सगळं प्रकरण लिहून काढलं. तसं मी आधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही लिहिलेलं नाही.

सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जाऊन मी ते स्वतः मारुतीरावांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा चढवून उभ्या उभ्या वाचलं.

“गोड करा म्हटलं होतं.”

“व्हय… म्हणजे हो, साहेब.”

“हे बाहेर पडतं ते कोण?”

“ठाऊक नाही.”

“अहो, लेखक तुम्ही!”

“हो. पण बाहेर पडलं, एवढं खरं आहे.”

ते मोठ्यानं हसले. “ठीक. राहू द्या असंच. वाचक भांडत बसतील, अंक खपेल.” मला त्यांनी चहा पाजला. मी बशीत न सांडता प्यायलो.

दिवाळीत अंक निघाला, आणि पौषात पुस्तक. आईला अक्षरओळख नाही. तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि पुस्तक डोळ्यांना लावलं. मष्णूनं सगळ्या वखारीत सांगितलं की त्यातली निम्मी गोष्ट त्यानंच सुचवली. चातुर्मास संपला होता, घरात दिवा लागत होता. आईचं औषधही बंद झालं. आता ती माझ्यापुढं बसून ऐकते आणि भलत्याच ठिकाणी हुं म्हणते. राजपुत्र मेला तरी हुं, जेवला तरी हुं. मला त्याचं फार समाधान वाटतं. आतल्या खोलीतून पुन्हा कधी काही आलं नाही.

माघात मारुतीरावांनी एका वाचकाचं पत्र धाडून दिलं. खानापूरच्या कुणा जयाबाईंचं होतं. अक्षर नीटनेटकं.

“आमच्या घरी सांजेला आमचे यजमान अंक मोठ्यानं वाचायचे. ऐकायला मी आणि सासूबाई. सासूबाईंना ऐकू येत नाही, आणि मी हुंकार देत नसे. तरी दिवाळी अंक वाचताना घरात हुंकार येऊ लागला. तुमचं शेवटचं प्रकरण संपलं त्याला तीन महिने झाले. आम्ही वाचणं सोडून दिलं आहे. पण रोज दिवेलागणीला ‘मग?’ असं विचारलं जातं. आधी अंगणातून विचारलं जायचं. आता माजघरातून. पुढचा भाग लिहिणार असाल तर कृपा करून लवकर लिहावा.”

मी त्याच दिवशी नवे कागद आणले. आपल्या गोष्टीची कुणीतरी इतकी वाट पाहतंय, याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पुढच्या भागाची पाच-सहा पानं झालीही आहेत.

मात्र काल आणखी दोन पत्रं आली. एक हिंडलग्याचं, दुसरं कंग्राळीचं. दोन्ही घरांत तसंच होतंय, त्याच वेळेला, रोज. मी पुस्तक काढून शेवटचं पान पुन्हा वाचलं. वेशीतून मी एकालाच बाहेर काढलं होतं.