मांडीवरच्या मुलीचा फ्रॉक

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरणं हा माझा धंदा. 'मेलेल्यांना पावडर लावायची कामं,' असं बायको म्हणायची. ती गेल्यापासून कुणी काही म्हणत नाही, आणि मलाही कशाचं फारसं काही वाटेनासं झालंय. हे सांगताना माझा आवाज कापत नाही, म्हणून थाप समजू नका.

त्या बाई भर दुपारी आल्या. सत्तरीच्या, नीटनेटक्या. पिशवीतून त्यांनी फोटो काढला. खुर्चीत तरुण आई, मांडीवर झोपलेली वर्षाची मुलगी.

"ही मी. एकुलती एक. मला एवढंच सांगा, माझा फ्रॉक कुठल्या रंगाचा होता?"

"दिसतोय तर पांढरा."

"तेच मी आईला सांगते! ती म्हणते, निळा. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची तर नव्वदी उलटलीय." त्या हसल्या, पण पिशवी घट्ट धरलेली होती. "म्हणते, फोटो काढला तेव्हा मुलगी... गेलेली होती. मला रोज विचारते, तू कोण गं? फ्रॉकचं खोटं ठरलं की बाकीचंही खोटं. मग मी निवांत."

आईच्या ट्रंकेत सापडलेला निळ्या कापडाचा तुकडा त्यांनी सोबत आणला होता. त्या काळच्या फिल्मची एक खोड होती. लाल तिला दिसायचंच नाही, ते काळं यायचं. निळं मात्र पांढरं. तसली फिल्म मी अजून बाळगून आहे. अंदाजपंचे रंग भरत नाही, कापड मिळालं तर त्या फिल्मवर टिपून बघतो. बाईंना खिडकीशी बसवलं, तुकडा हनुवटीखाली धरायला लावला आणि फोटो काढला.

"परवा या," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुऊन छापली. खोलीभर हायपोचा, फोटो धुण्याच्या रसायनाचा, आंबट वास. तुकडा पांढरा आला होता, थेट फ्रॉकसारखा. कडेची टाचलेली फुलंही तीच. म्हणजे म्हातारीचं खरं होतं.

मग रंगवायला बसलो. आईचे ओठ फोटोत काळपट होते, तसेच यायला हवेत. मुलीचे ओठ पांढरे होते. दूध लागलं असेल म्हणून भिंग लावलं. नखंही पांढरीच. त्या फिल्मवर निळं कसं येतं, हे मी आत्ताच सांगितलं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी मुलीचे ओठ गुलाबी केले आणि चहा टाकला.

ठरल्या दिवशी बाई आल्या. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"निळा... म्हणजे आईचं बरोबर?"

"फ्रॉकपुरतं."

त्यांनी मुलीच्या ओठांवर बोट ठेवलं. "आणि हे? हे कशावरून ठरवलंत?"

"आईंच्या ओठांवरून," मी सरळ खोटं बोललो.

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. चेहरा एकदम मोकळा झाला. "मग झालं तर! जाऊन दाखवते तिला. आज तरी ओळखेल मला." दारातून त्या जवळजवळ धावतच गेल्या. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

टेबल आवरताना तुकड्याचा फोटो हाती आला. तोवर मी त्यात फक्त कापड बघितलं होतं. कापडाच्या वर बाईंचा चेहरा होता. प्रत्यक्षात त्यांचे ओठ चांगले लालसर होते, मी समोर बसून बोललो होतो त्यांच्याशी. फोटोत पांढरे होते.

फिल्म बिघडली असेल, म्हणून त्याच डब्यातली दुसरी घेतली. त्याच खिडकीशी बसून स्वतःचा फोटो काढला, धुऊन छापला.

माझे ओठ काळे आले. जिवंत माणसाचे यायला हवेत तसे.

बाई तोवर घरी पोचल्या असतील. आईसमोर फोटो धरून उभ्या असतील, आज ती काय म्हणते याची वाट बघत.